पाठमोरी खुर्ची

"आला!" शुभदावहिनी कुजबुजल्या आणि त्यांनी सांडशीने कुकरची शिटी उचलून धरली. फुस्स करून सगळी वाफ बसभर पसरली, पण शिटी काही वाजली नाही. त्या घरातला वरणभात हल्ली असा मुक्यानेच शिजत होता.

मी खिडकीशी पडद्याची कडी बसवत होतो. प्रतापने मला खांद्याने बाजूला सारलं, दोन पडद्यांमध्ये बोटभर फट केली आणि तिला डोळा लावला.

"महमूदभाई, बघा. पांढरा पिकअप. बरोब्बर त्याच जागी."

मीही बघितलं. पांढऱ्या दाढीचा एक ओमानी म्हातारा खाली उतरला. डोक्यावर नक्षीची टोपी, अंगात इस्त्रीची पायघोळ दिशदाशा. त्याने पिकअपमधून प्लास्टिकची खुर्ची काढली, रस्त्याच्या कडेला मांडली आणि बसला. तोंड रस्त्याकडे, पाठ आमच्याकडे.

"पाठ का करून बसतो रोज?" वहिनींनी विचारलं.

"चेहरा दिसू नये म्हणून," प्रताप म्हणाला.

"अहो, उतरताना दिसला की चेहरा!"

"तोच तर डाव आहे."

प्रतापचं हे असंच. हा माणूस लिफ्टमध्ये शिरायच्या आधी ती खरंच आली आहे ना, हे पायाने चाचपून बघतो. हॉटेलात चहा आला की आधी कपाचा तळ बघतो. त्यात त्याची नोकरीही तशीच. क्वांटिटी सर्व्हेयर. कंत्राटदार म्हणतो तेवढं सिमेंट त्याने खरंच ओतलं का, तेवढी सळई खरंच घातली का, हे तपासायचं. संशय घेण्याचाच त्याला पगार मिळायचा. प्रताप मुळगावकरने मस्कतमध्ये उभ्या आयुष्यात एकाच गोष्टीवर संशय घेतला नाही, ती म्हणजे स्वतःची कंपनी. आणि तिनेच त्याला धरून आपटलं. आधी घरभाड्याचा भत्ता गेला, मग पगार अर्धा झाला, आणि बौशरचा फ्लॅट हातातून सुटला.

ठाण्याला परत जायचं तर सावनी बारावीला. बोर्डाचा शेवटचा पेपर होईपर्यंत इथून हलता येत नव्हतं. तेव्हा त्याने कंपनीच्या भंगारातली कामगार ने-आण करायची कोस्टर बस घेतली. मुजम्मिलच्या गॅरेजमध्ये तिच्या सीटा काढल्या, पलंग ठोकले, सिंक बसवलं, मागे एक मोरी केली. आणि पडद्यांसाठी तो माझ्याकडे आला.

मी रुवीत पडदे शिवतो. अर्ध्या मस्कतच्या खिडक्यांची मापं मला तोंडपाठ आहेत. एका अर्बाबच्या, म्हणजे इथल्या शेठच्या, बेडरूमला मी असा जाड पडदा शिवला होता की सूर्य दोन दिवस वाट चुकून शेजारच्या घरात उगवत होता. खोटं वाटत असेल तर त्या शेजाऱ्याला विचारा. पण प्रताप दुकानात आला तेव्हा माझी गंमत विरली. तो म्हणाला, "महमूदभाई, असे पडदे द्या की आत माणूस राहतो हे बाहेर कळता कामा नये."

बौशरच्या शेजाऱ्यांना मात्र त्याने सांगितलं होतं की बरक्याला व्हिला घेतलाय. समुद्रासमोर. समुद्र तेवढा खरा होता. बस सीबच्या पलीकडे, कोळ्यांच्या होड्या ओढून ठेवतात तिथे, एका खजुराच्या बागेच्या भिंतीच्या सावलीत उभी होती. अशा गाडीत राहिलेलं चालतं की नाही, हे त्याने कुणालाच विचारलं नव्हतं. विचारलं तर उत्तर मिळालं असतं. तक्रार झाली असती तर मुलीला घेऊन कुठे उभं राहायचं, एवढीच त्याची धास्ती. इकडे जुन्या शेजाऱ्यांचे फोन सुरूच. "वास्तुशांत कधी? आम्ही यायचं कधी? टेरेस आहे का हो?" वहिनी सांगायच्या, "फर्निचरचं काम चाललंय."

आणि या सगळ्यात तो म्हातारा. खल्फान त्याचं नाव, ती बाग त्याचीच. हेही मला मुजम्मिलकडून कळलं, कारण म्हाताऱ्याने स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं आणि यांचं विचारलं नव्हतं. बस उभी राहिली त्याच संध्याकाळी तो भिंतीच्या कडेने आला, खजुरांनी भरलेलं मोठं ताट पायरीवर ठेवलं, "सलाम अलैकुम" म्हणाला आणि गेला.

"काही विचारलं नाही?" मी म्हणालो.

"तेच ना!" प्रताप म्हणाला. "आमच्या ठाण्याच्या सोसायटीत नवीन माणूस आला तर जिन्यावरच त्याचं आडनाव, नोकरी, भाडं आणि बायकोचं माहेर विचारून होतं. हा बाबा काहीच विचारत नाही. म्हणजे याला सगळं आधीच माहीत आहे."

मी गप्प बसायला हवं होतं. पण समोर असा ऐकणारा बसला की माझ्या जिभेला चाकं फुटतात. मी म्हणालो, "सूरला एक केरळी इलेक्ट्रिशियन होता. त्यालाही असंच रोज कुणीतरी ताट द्यायचं. हा आपला खात गेला, खात गेला. महिन्याभरात त्याच्या लक्षात आलं की तो एका उंटिणीचा कायदेशीर पालक झालाय. अजून तिला घेऊन हिंडतोय."

वहिनी हसल्या. प्रताप हसला नाही. घरी येऊन मी हा किस्सा सांगितला तेव्हा माझी बायको वजीरा म्हणाली, "तुमचं तोंड शिवून टाका आधी. मग लोकांचे पडदे शिवा."

ताटाचं प्रकरण पुढे वाढत गेलं, त्याला कारण वहिनी. रिकामं भांडं परत करायचं नाही, असं त्यांच्या आईने शिकवलेलं. त्यांनी खजुराच्या ताटात रव्याचे लाडू घातले आणि भिंतीपाशी ठेवून आल्या. आता तिकडेही कुणाची तरी आई असणारच. दुसऱ्या दिवशी ताट आलं ते हलवा घेऊन. वहिनींनी शंकरपाळे पाठवले. तिकडून मासळी आणि भात आला. यांनी नारळाच्या वड्या पाठवल्या. मग आला अर्धा बोकड. मी अर्धा म्हणतो, वहिनी पाव म्हणतात, आणि बोकडाला विचारायची सोय राहिली नव्हती.

"रवा संपला, साखर संपत आली," वहिनी म्हणाल्या. "हे थांबवायचं कसं?"

"नुसतं ताट परत कर."

"रिकामं? काय म्हणतील ते?"

"शुभदा, तो आपल्याला मिंधा करून ठेवतोय. एक दिवस येईल आणि म्हणेल, आता बोला."

मग एका सकाळी भिंतीवरून पाण्याचा पाइप बाहेर आलेला दिसला. बसच्या मोरीपर्यंत पोचेल एवढा लांब, तोंडाला नवीन नळ. त्याच्या शेजारी भिंतीवर विजेचं सॉकेट, वर पत्र्याचं छोटं छप्पर. ऑक्टोबर असूनही बस तव्यासारखी तापायची. सावनी चार्जिंगच्या दिव्यापाशी बसून केमिस्ट्री करायची आणि घामाचे थेंब वहीवर पडायचे. छतावर मुजम्मिलने बसवलेला एसी होता, त्याची वायर त्या सॉकेटपासून हातभर अंतरावर होती. प्रतापने वायर लावू दिली नाही.

"लावली की वीजचोरी. पुरावा हवाय त्याला."

"बाबा, इट्स जस्ट अ सॉकेट," सावनी म्हणाली. "तो बाईट नाही करत."

आणि त्याच आठवड्यात दुसरीच एक पांढरी गाडी आली. वर दिवा, आत गणवेशातले दोघे. संध्याकाळी रस्त्याने हळूहळू येत ती म्हाताऱ्याच्या खुर्चीपाशी थांबली. म्हातारा उठला, खिडकीत वाकून काहीतरी बोलला. गाडी निघून गेली. प्रतापने हे फटीतून बघितलं आणि मला फोन केला. "आपण उद्या हलतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोचलो तर आत रणकंदन. सावनी पलंगावर उभी होती, डोकं छताला टेकलेलं.

"मी नाही शिफ्ट होणार! नेक्स्ट वीक टर्म एक्झाम्स आहेत. एव्हरी टाइम कोणीतरी बघतो, एव्हरी टाइम आपण पळतो. आधी अझैबा, मग ते पार्किंग, आता हे. मी कुठे... मला कुठे बसून स्टडी करायचं ते सांगा ना!"

तिचं मराठी तिथे संपलं आणि ती रडायला लागली. वहिनी तिच्या पायाला हात लावून नुसत्या बसून राहिल्या. प्रताप बराच वेळ स्टिअरिंग धरून पुढच्या सीटवर बसला होता. मग उठला.

"चला महमूदभाई. काय ते विचारूनच टाकू. तुमचं अरबी चांगलं आहे."

बागेच्या फाटकातून आत गेलो. खल्फानने पाहुण्यांच्या खोलीत बसवलं. गालिचा, उशा, मध्ये खजूर. स्वतः उभं राहून त्याने बिनकानाच्या छोट्या कपात कहवा ओतला. प्रतापने पिऊन टाकला. त्याने परत ओतला. प्रतापने परत पिऊन टाकला. कप नुसता हलवला की 'पुरे' समजतात, हे मला माहीत होतं आणि प्रतापला माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं ऑफिसात त्याने आपला थर्मासमधलाच चहा प्यायलेला. मी म्हटलं, बघू या कुठवर जातं.

"हा मला बोलता करायला पाजतोय," प्रताप कपाआडून पुटपुटला. "विचारा त्याला, काय हवंय."

असं कुणाच्या घरात बसून विचारतात का? मी अरबीत सांगितलं की हे मोठे इंजिनियर आहेत, समुद्राची लांबी-रुंदी मोजायला सरकारने नेमलंय, म्हणून गाडीत राहतात. बरं जमलं होतं. खल्फान मान डोलवत होता. पण प्रतापच्या कानाने दोन-तीन शब्द टिपले.

"तुम्ही काय सांगताय त्याला? समुद्र कशाला आला मध्ये?" आता त्याला माझाही संशय. तेवढ्यात म्हाताऱ्याने पुन्हा कप भरला आणि प्रतापचं धरण फुटलं. हिंदीत, सरळ खल्फानकडे बघून, तो बोलत सुटला. कंपनीचं, अर्ध्या पगाराचं, फ्लॅटचं, भंगारातल्या बसचं. मुलगी शाळेची बस लांबच्या सुपरमार्केटपाशी सोडून चालत येते, त्याचं. बरक्याला व्हिला नाही, त्याचं. बायको कुकरची शिटी वाजू देत नाही, त्याचंसुद्धा. "बोर्ड की परीक्षा तक रहने दो. बस. फिर आप जिसको बोलना है बोलो."

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना हिंदी येतं, हे मला सुचायला हवं होतं. म्हाताऱ्याला सगळं कळलं होतं. माझा समुद्रही.

त्याने कहव्याची सुरई खाली ठेवली. गालिच्यावरच्या वेलबुट्टीकडे बघत राहिला, जणू त्याच्याच घरातली काही चोरी उघड झाली होती.

"हमने तो कुछ पूछा नहीं," तो हळूच म्हणाला.

मग माझ्याकडे वळून अरबीत बोलला. भिंतीला टेकून जो उतरतो त्याला का आलास, किती राहशील, असं त्याच्या बापाने कधी विचारलं नाही, त्यानेही नाही. "पाहुण्याला स्वतःहून सांगावं लागलं. माझंच काहीतरी चुकलं असेल. बहुतेक बोकड जास्त झाला."

मी हे प्रतापला मराठीत सांगितलं. या वेळी एक अक्षर पदरचं घातलं नाही. प्रतापने हातातल्या कपाकडे बघितलं. तो कुठे ठेवावा ते न कळून त्याने हात इकडेतिकडे केला, कप हलला, आणि खल्फानने तो शांतपणे काढून घेतला. मग लोबानाची धूपदाणी आणून आमच्या कपड्यांपुढे फिरवली. बैठक उठली.

बसच्या दारात वहिनी उभ्या होत्या. "काय विचारलं त्यांनी?"

"काहीच नाही."

"मग इतका वेळ?"

"मीच सांगितलं. सगळं."

"पगाराचं पण?"

"हो."

"आणि बरक्याच्या व्हिलाचं?"

"तेही."

त्या पायरीवर बसल्या. "ते तरी ठेवायचं होतं हो."

सावनी उतरली, वायर उचलून सॉकेटात खुपसली. एसी खोकला, थरथरला आणि सुरू झाला. ती परत आत जाऊन वही उघडून बसली.

उजेड उतरू लागला. आज तो येणार नाही, असं मला वाटलं. सगळं कळल्यावर माणूस कशाला येईल? प्रताप फटीला डोळा लावून बसला होता. पिकअप आला. खुर्ची उतरली, त्याच जागी, तशीच. तोंड रस्त्याकडे, पाठ आमच्याकडे.

थोड्या वेळाने दिव्याची पांढरी गाडी आली. म्हातारा उठला. या वेळी मी दारातच उभा होतो, वारा समुद्राकडून नव्हता, मला ऐकू आलं. तो एकच शब्द बोलला. "दुयूफी."

"काय म्हणाला?" प्रतापने आतून विचारलं.

"माझे पाहुणे, म्हणाला."

"तेवढंच?"

"तेवढंच."

गाडी गेली. प्रतापने फटीवरून हात काढला. पडदा आपल्या जागी येऊन लागला. तिकडे वहिनींचा कुकर गुरगुरायला लागला होता. सवयीने त्यांनी सांडशी उचलली. प्रतापने ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि ओट्यावर ठेवून दिली.

शिटी झाली. लांबलचक, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी. होड्यांवरचे बगळे उडाले. सावनीने वहीतून डोकं वर काढलं. म्हाताऱ्याने मागे वळून पाहिलं नाही.