आलुबुखाराच्या झाडाचा खटला

वुब्बोने झाड तोडलं, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. तो स्वतःच भेटेल त्याला सांगत होता, "मीच तोडलं. करवत माझी, हात माझे." प्रश्न पुढचा होता, वुब्बोचं आता काय करायचं हा, आणि तो फिरत फिरत माझ्या दारात येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

हेगच्या कडेला, वाळूच्या टेकड्यांच्या अलीकडे, नगरपालिकेने जमिनीचे लहान लहान तुकडे पाडून आम्हाला बागेसाठी दिले आहेत. प्रत्येकाचा एक तुकडा, त्यावर एक खोपटं, खोपट्यात दोन खुर्च्या. महिन्यातल्या एका शनिवारी सगळ्यांनी मिळून सामाईक काम करायचं, म्हणजे वाटा साफ करायच्या, चर उपसायचे. हे श्रमदान चुकवलेलं आमच्या मंडळाला खपत नाही. आजारी असलात तरी निदान खोकत खोकत फावडं धरून उभं राहावं लागतं.

त्या शनिवारी आमच्या अध्यक्षीणबाई हिलेगोंडा यांनी नेहमीप्रमाणे कामं वाटली. त्या मुख्याध्यापिका होत्या, अजूनही आहेत असंच वाटतं. वुब्बोला म्हणाल्या, "चरापर्यंतच्या वाटेवर जे जे झुकलंय, ते सगळं काढ." वुब्बोने सगळी उमर ट्राम चालवण्यात घातलेली. रूळ दाखवला की तो शेवटच्या थांब्यापर्यंत जाणार. वाटेवर शेफिकाचं आलुबुखाराचं झाड झुकलेलं होतं. त्याने ते काढलं. फांदी नव्हे, झाड.

शेफिका तेव्हा बोस्नियात, तुझ्लाला, बहिणीकडे गेली होती. युद्धात ती इकडे आली ती इथलीच झाली, पण ते झाड तिने तिकडून आणलेल्या रोपाचं होतं. दर सप्टेंबरला ती त्या फळांचा पेकमेझ करायची. साखरेचा कण न घालता दिवसभर ढवळून आटवलेला तो काळाभोर मुरंबा बरण्यांत भरून ती आमच्या खोपट्यांच्या दारांत ठेवून जायची. "कोमशिया, पावाला लाव," असं म्हणायची. शेजाऱ्याला तिच्या भाषेत कोमशिया म्हणतात. त्यामुळे झाड पडलं तेव्हा सगळ्या मंडळाच्या न्याहारीवर कुऱ्हाड पडली. लोक इतके खवळले, त्यात न्यायबुद्धी किती आणि जीभ किती, हे मला सांगता येणार नाही.

सोमवारी कार्यकारिणी बसली आणि फलकावर नवा नियम लागला: दुसऱ्याचं झाड तोडणाऱ्याचा तुकडा काढून घेतला जाईल. त्याखालीच वुब्बोच्या चौकशीसाठी सर्वांची सभा जाहीर झाली.

संध्याकाळी वुब्बो माझ्या खोपट्यात आला.

"एवर्ट, माझ्यातर्फे तू उभा राहा."

"मी?"

"मग कोण? सगळ्या जगातल्या गुन्हेगारांचा कायदा तुला पाठ."

"अरे, तो नरसंहाराचा कायदा. आलुबुखाराचा नाही."

"आगगाडी चालवणाऱ्याला सायकल जड जाते होय?"

"वुब्बो, मी आगगाडी कधी चालवलीच नाही. मी नुसतं वेळापत्रक शिकवलं."

हे विनयाने म्हटलं नव्हतं. मी विद्यापीठात हा विषय शिकवला, तोही खिडकीबाहेर बघत. पोरं म्हणायची, सर झाडांना शिकवतात.

मी बिस्किटांचा डबा पुढे केला. आमच्याकडे कॉफीबरोबर डबा एकदा फिरतो आणि लगेच बंद होतो, म्हणून एक बिस्किट कुणी सोडत नाही. वुब्बोने ते घेतलं नाही. तेव्हा मी डबा उघडाच ठेवला.

"माझं घर तिसऱ्या मजल्यावर," तो म्हणाला. "बाल्कनीत एक मॉप उभा राहतो. मी उभा राहिलो तर मॉपला आत घ्यावं लागतं. हा तुकडा गेला तर मी दिवसभर करू काय? ट्राममध्ये बसून नव्या चालकांच्या चुका काढू?"

"बरं. तुझा बचाव काय?"

"सोपा आहे. मला हुकूम होता."

मी डोक्याला हात लावला. "तेवढं एक सोडून काहीही बोल."

"का? खोटं आहे का?"

"खरं आहे. पण दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेम्बर्गच्या खटल्यात मोठमोठे सेनाधिकारी हेच म्हणाले होते. तेव्हापासून हा बचाव चालत नाही. मी हेच शिकवत म्हातारा झालो. वरून हुकूम होता म्हणून कुणी सुटत नाही. शिक्षा जरा कमी होईल, इतकंच."

"म्हणजे तू माझ्याच विरुद्ध?"

"मी तत्त्व सांगतोय."

"मग त्या तत्त्वाला सांग, उद्यापासून माझ्या घेवड्याला पाणी घालत जा," असं म्हणून वुब्बो निघाला. दारातून मागे वळून म्हणाला, "सभेला ये मात्र. स्वच्छ सदरा घाल."

पुढचे दिवस मी पुस्तकं काढून बसलो, आणि मला लाज वाटत राहिली. ज्या कायद्याचं एकेक वाक्य माणसांच्या थडग्यांवर उभं आहे, ते एका झाडासाठी वापरणं शोभतं का? मग वाटलं, ते प्रश्न तरी काय होते? केलं कुणी, सांगितलं कुणी, बघूनही गप्प बसलं कोण, आणि हे चूक आहे व त्याची अमुक शिक्षा आहे हे आधी सांगितलं होतं का? हे तर पोरंसुद्धा गोट्या खेळताना विचारतात. देशांना ते विचारायला फार उशीर लागला एवढंच. हा विचार बरोबर आहे की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मी टिपणं काढली.

सभेला मंडळाची खोली भरली होती. शेफिका परत आली होती आणि खिडकीशी, कोट न काढताच बसली होती. सगळे तिला भेटून हळहळून गेले. कॉफी झाली, डबा फिरला, बंद झाला. हिलेगोंडाबाईंनी टेबलावर टकटक केलं.

"झाड कुणी तोडलं ते ठरलेलं आहे. आता वुब्बोतर्फे एवर्ट बोलेल. एवर्ट, मोठ्याने बोल. आणि आमच्याकडे बघून."

मी उभा राहिलो. हातातला कागद इतका फडफडत होता की कांद्यांसाठी प्रसिद्ध असलेला आमचा रिन्से मागून ओरडला, "अरे, ते दार लावा कुणीतरी! वारा येतोय."

सगळे हसले. मलाही हसू आलं आणि त्यामुळे आवाज फुटला.

"पहिली गोष्ट," मी म्हणालो, "झाड शनिवारी पडलं आणि नियम सोमवारी झाला. आधी नसलेल्या नियमाने मागच्या कृत्याला शिक्षा करता येत नाही."

"वा!" रिन्से उठलाच. "म्हणजे दुसऱ्याचं झाड तोडू नये हे पाटी लावल्याशिवाय कळत नाही होय?"

टाळ्या पडल्या. माझी पंचाईत अशी की त्याचं म्हणणं बरोबर होतं.

"रिन्से, तुझं बरोबर आहे. न्यूरेम्बर्गलाही असंच उत्तर दिलं गेलं. हे चूक आहे हे करणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होतं, असं."

वुब्बोने माझा सदरा ओढला. "अरे, तू नक्की कुणाच्या बाजूचा?"

"थांब जरा. चूक जुनी आहे, रिन्से. पण शिक्षा नवी आहे. तुकडा जाईल हे करवत उचलताना वुब्बोला ठाऊक नव्हतं. कारण तेव्हा ते कार्यकारिणीलाही ठाऊक नव्हतं."

रिन्से खाली बसला. "हे मात्र आहे," असं शेजारणीच्या कानात म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"दुसरी गोष्ट. हुकूम होता म्हणून वुब्बो सुटत नाही. पण मग हुकूम देणाराही सुटत नाही. आपल्या हाताखालचा माणूस काय करतोय हे ज्याला कळायला हवं होतं, जो थांबवू शकत होता आणि ज्याने थांबवलं नाही, त्याच्यावरही जबाबदारी येते."

मी हिलेगोंडाबाईंकडे मुद्दाम बघितलं नाही. बाकी सगळ्यांनी बघितलं.

"म्हणजे मी सेनापती?" त्या म्हणाल्या.

"मला अगदी तसंच काही..."

"तसंच म्हणायचंय तुला. कचरू नकोस." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी या खिडकीपाशी कॉफी ओतत होते. झाडाचा शेंडा हलताना मला दिसला. मला वाटलं, वारा असेल."

"आणि मग तो वारा धाडकन खाली पडला?" रिन्से म्हणाला.

हशा झाला. बाईंचे कान लाल झाले, पण त्याही हसल्या. "वृत्तांतात लिहा," त्या म्हणाल्या. "अध्यक्षांना शेंडा दिसला होता."

त्यानंतर मात्र गोंधळ उडाला. कुणी म्हणे दोघांचेही तुकडे काढा, कुणी म्हणे मग श्रमदान वाटणार कोण, कुणी म्हणे वुब्बोला एक वर्ष बाहेर ठेवा. वुब्बो मान खाली घालून बसला होता. आता एक वर्ष मॉपशेजारी उभं राहावं लागणार असा त्याचा चेहरा. घाबरून मी शेवटचं टिपण वाचायला लागलो. ते मी केवळ इतिहास पूर्ण व्हावा म्हणून लिहिलं होतं.

"न्यूरेम्बर्गला ज्यांचं नुकसान झालं होतं ते फारसे दिसलेच नाहीत. तिथे मुख्यतः कागद बोलले. इथे हेगमध्येच चाललेल्या युगोस्लाव्हियाच्या खटल्यांत ते साक्षीदार म्हणून आले, विचारलं तेवढं सांगून गेले. पुढे कायमचं न्यायालय स्थापन झालं, तिथे त्यांना..."

मी थांबलो. पुढचं वाक्य होतं, 'तिथे त्यांना आपलं म्हणणं मांडण्याचा आणि भरपाई मागण्याचा हक्क मिळाला.' ते मीच, माझ्याच हाताने लिहिलं होतं.

आमच्याकडे फाटकाला कोणता रंग द्यायचा यासाठी तीन सभा होतात. प्रत्येकाला विचारल्याशिवाय खिळा ठोकला जात नाही. मी मान वर केली.

"शेफिका, तुला कुणी विचारलं का?"

"काय?"

"तुला काय हवंय ते."

"नाही, कोमशिया."

शेफिका उठली आणि कोटाची बटणं काढत काढत पुढे आली.

"त्या खटल्यांत मी साक्षीला गेले होते," ती म्हणाली. "इथून ट्रामने. वुब्बो, तुझीच ट्राम असेल कदाचित. चांगली माणसं होती. पाणी दिलं, रुमाल दिला. विचारलं, घर किती लांब होतं, ट्रकचा रंग कोणता होता. मी सगळं सांगितलं. मग म्हणाले, आभारी आहोत, आपण जाऊ शकता. त्यांची पद्धतच तशी होती. मला आणखी एक गोष्ट सांगायची होती, ती तशीच घरी घेऊन आले."

"कोणती?" हिलेगोंडाबाईंनी हळूच विचारलं.

"ती आज नको. आज झाडाचं बोलू." तिने आमच्याकडे एक नजर फिरवली. "मी त्या बुंध्यावर बसून रडले. हे लिहून घ्या. मोठ्याने रडले. वुब्बोला चार शिव्या दिल्या, आमच्या भाषेत, त्या लिहू नका. आणि आता तुम्ही त्याला हाकलून देणार! बरं. मग खड्डा कोण खणणार?"

"खड्डा?" रिन्से म्हणाला.

"नव्या झाडाचा. त्याला फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात. तोवर पाणी, खत, आधाराची काठी, कडाक्याच्या थंडीत गोणपाट. माझे गुडघे बघा. तोडणारा माझ्या शेजारच्याच तुकड्यावर असतो. त्याचा तुकडा रिकामा केलात तर ती शिक्षा मला होईल. मला तो इथेच हवाय, रोज डोळ्यांसमोर. फळं आली की पेकमेझ ढवळायलाही तोच. दिवसभर. करवत माझ्या खोपट्यात राहील."

वुब्बो उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते. "शेफिका, मी... मला खरंच..."

"माफी मागायचीय ना? माग. पण नीट माग. पुटपुटू नकोस."

त्याने मागितली. नीट मागितली. मी इथे ती लिहीत नाही. ती तिच्यासाठी होती.

"आणि शेंडा बघणाऱ्या बाईंनी," शेफिका म्हणाली, "बरण्या धुवायच्या."

"किती?" हिलेगोंडाबाई म्हणाल्या.

"सगळ्या."

मतदान झालं. सोमवारचा नियम पुढच्यासाठी राहिला, मागच्यासाठी नाही. वुब्बोचा तुकडा वुब्बोकडे राहिला. रिन्सेने दोन्ही हात वर केले होते, ते एकच मत धरावं असं बाईंनी वृत्तांतात लिहायला लावलं.

नोव्हेंबरात फळबागांच्या बेतुवे भागातल्या रोपवाटिकेतून रोप आलं. वुब्बोने उत्साहाच्या भरात इतकं खोल खणलं की खड्ड्यात पाणी लागलं. समुद्राकाठच्या आमच्या या सखल जमिनीत दुसरं होणार काय!

"झाड लावायचंय," शेफिका कमरेवर हात ठेवून म्हणाली, "विहीर नव्हे."

रिन्से म्हणाला, बदकं सोडा. हिलेगोंडाबाई म्हणाल्या, खाली वाळू घाला. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, मला त्यातलं काही कळत नाही, आणि ते सगळ्यांनी लगेच मान्य केलं. शेवटी शेफिकाच्या सांगण्यावरून वुब्बोने निमूटपणे अर्धा खड्डा बुजवला, मुळं पसरून रोप उभं केलं, माती पायाने दाबली, आणि शीळ घालत शेजारी आपल्या तुकड्यावर कोबीला मातीची भर द्यायला गेला.