पांढऱ्या खुर्चीची जागा

सकाळचे नऊ वाजले नव्हते, तरी बंद पडलेल्या त्या कापड-गोदामात मुंगीला शिरायला वाट नव्हती. बसायला मिळालं नाही ते भिंतीला टेकले होते, भिंत मिळाली नाही ते एकमेकांना. हाताला धरून आणलेले म्हातारे, गळ्यात कानाच्या मशीनची दोरी अडकवलेल्या बायका, कारखान्यांच्या खडखडाटात कान गेलेले पुरुष. सगळ्यांचे डोळे व्यासपीठावरच्या दोन खुर्च्यांवर खिळलेले. डावीकडे काळी, उजवीकडे पांढरी. दोन्ही खुर्च्यांची तोंडं मागच्या भिंतभर पसरलेल्या पिवळ्या पडद्याकडे होती आणि त्या पडद्यावर, बराच उंच, लालभडक सूर्य रंगवला होता.

“बहिरेपणा नावाचा रोगच नाही!” कान बरे करून देणारा नादगुरू गरजला. “मग आहे काय? नादगाठ! देहात नादगाठी बहात्तर. कानाची गाठ सत्तेचाळिसावी. डॉक्टरला विचारा, सत्तेचाळिसावी गाठ कुठंय? त्याला सांगता येणार नाही. येईल कसं? त्याच्या पुस्तकात सेहेचाळीसच छापल्यात!”

ज्यांना ऐकू आलं ते हसले. ज्यांना आलं नाही ते त्यांचं बघून हसले.

पहिला मान एका निवृत्त पोस्टमनचा. त्याला काळ्या खुर्चीवर बसवलं. पडद्याआडून कुणीतरी एकेक शब्द उच्चारू लागलं. “ओठ दिसायला नकोत, म्हणजे फसवाफसवीला जागा नको,” गुरूने बजावलं. लोकांना शब्द कळावा म्हणून एक चेला खुर्च्यांच्या पाठीमागे पाटी उंच धरून उभा. पाटीवर होतं ‘खिसा’. पोस्टमन म्हणाला, “दिवा?” पाटीवर ‘सात’. पोस्टमन म्हणाला, “आठ?” मग गुरूने पितळी नळी त्याच्या कपाळाला लावली आणि माठात अडकलेल्या भुंग्यासारखा गुणगुणला. पोस्टमनला उठवून पांढऱ्या खुर्चीवर बसवलं.

“खिसा,” पोस्टमन म्हणाला. “सात. पत्ता. शिक्का.” एकही शब्द चुकला नाही. तो लहान मुलासारखा रडायला लागला. चेल्याने तबक पुढे केलं. “कुबडी इथे ठेवा, आजोबा.” पोस्टमनने कानातलं मशीन काढून तबकात ठेवलं आणि टाळ्यांनी पत्रे हादरले.

तिसऱ्या रांगेत पेटीवाल्या बाई बसल्या होत्या. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या, पण गाव त्यांना ओळखायचं ते घरी बनवलेल्या स्पीकरच्या पेट्यांमुळे. त्यांच्या शेजारी त्यांचा धाकटा भाऊ बसला होता. लाकडाच्या वखारीत वीस वर्षं करवतीजवळ उभं राहून त्याचे कान गेले होते. पूर्ण गेले नव्हते. हाक ऐकू यायची, शब्द कळायचे नाहीत. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ असे बारीक आवाज गळून पडायचे आणि हाती नुसता आकार-उकार लागायचा. दोन वर्षांपूर्वी मुकादमाने त्याला करवतीवरून काढून कोठीत बसवलं. खिळे मोजायला. तेव्हापासून तो घरात हसलेला कुणी पाहिला नव्हता.

त्याची पाळी आली. काळ्या खुर्चीवर सगळं चुकलं, पांढऱ्या खुर्चीवर सगळं बरोबर आलं. उठताना तो अडखळला, म्हणून बाई व्यासपीठावर चढून त्याला धरायला गेल्या. पांढऱ्या खुर्चीच्या पाठीशी त्या क्षणभर वाकल्या, नेमका तेव्हाच पडद्याआडून पुढचा शब्द आला, आणि तो त्यांच्या कानात सुईसारखा शिरला. एक पाऊल बाजूला सरल्या, तर तोच आवाज गोधडीखालून आल्यासारखा.

हा फरक बाईंच्या ओळखीचा होता. त्यांची सगळी हयात त्यावरच चालली होती. स्पीकरमध्ये बारीक आवाज काढणारी, बाटलीच्या झाकणाएवढी एक डबी असते, ट्वीटर. तिच्या तोंडाला पसरट लाकडी वाटी बसवली की आवाजाला वाट मिळते. त्या वाटीला वेव्हगाइड म्हणतात. वाटीचा उतार जसा, तसा आवाज पसरतो. बाई भावाच्या वखारीतले तुकडे आणून त्या वाट्या घासायच्या, आणि मग खोलीत या स्टुलावरून त्या स्टुलावर बसून बघायच्या, कोपऱ्यातल्या माणसालाही ‘स’ नीट पोचतो ना. महिना-महिना त्या एका उतारावर जायचा.

“ताई,” भाऊ म्हणाला, “ऐकू आलं गं मला.” तो हसत होता. त्याने मशीन तबकात टाकलं. बाईंच्या जिभेवर शब्द आले होते. त्यांनी ते गिळले. दोन वर्षांनी हसतोय, आज नको, असं मनाशी म्हणून त्या त्याच्याबरोबर घरी आल्या.

दुसऱ्याच दिवशी तो मुकादमापुढे उभा राहिला. मुकादमाच्या आईला त्याच खुर्चीवर गुण आला होता, मग तो कशाला नाही म्हणेल? कोठीची किल्ली परत गेली आणि करवतीचा दांडा भावाच्या हातात आला.

करवतीवर दोघं लागतात. ओंडका एका लोखंडी गाड्यावर ठेवतात. दांडा ओढला की गाडा रुळावरून करवतीकडे सरकतो. दांड्यापाशी भाऊ, ओंडक्याच्या पलीकडे त्याचा जुना जोडीदार. जोडीदार फळीची जाडी ओरडून सांगे, भाऊ काटा तेवढ्यावर लावी आणि दांडा ओढी. पहिले तीन दिवस लाकूड बारीक होतं. माणूस समोर दिसे, बोटांनीही कळे. चौथ्या दिवशी दुपारी छातीएवढा ओंडका चढवला. जोडीदार त्याच्याआड गेला.

ओंडका जरासा घसरला. जोडीदाराचा उजवा हात ओंडका आवळणाऱ्या कडीत सापडला. तो ओरडला, “हात! हात!”

भावाला ऐकू आलं, “सात! सात!”

त्याने काटा सातवर लावला आणि दांडा ओढला.

इस्पितळाच्या बाकावर जोडीदाराची बायको ताठ बसून होती. हात मनगटापासून गेला होता. बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. काय बोलावं ते सुचेना, म्हणून खरं तेच बोलल्या. ती खुर्ची, तो आवाज, ती एका पावलाची तफावत.

“तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं?” तिने विचारलं.

“शंका आली होती.”

“मग बोलला का नाहीत?”

“भाऊ हसत होता. दोन वर्षांनी.”

“भाऊ हसत होता म्हणून?” ती म्हणाली. आवाज चढलाही नाही. “माझा माणूस पण हसायचा, बाई.”

त्यापुढे बाईंना बाकावर बसवेना.

घरी भाऊ जमिनीवर भिंतीशी बसला होता. त्याच्या बायकोने पुढ्यात ठेवलेलं ताट तसंच होतं. बाईंनी त्याच्यासमोर बसून, ओठ दिसतील असं सावकाश सगळं सांगितलं. तो ऐकत होता की नाही कळत नव्हतं. शेवटी म्हणाला, “म्हणजे मी बरा झालोच नव्हतो.”

“नाही.”

“तो ‘हात’ म्हणाला होता.”

“हो रे.”

त्याने दोन्ही तळवे तोंडावर दाबले. मग उठला आणि म्हणाला, “चल. कुठे जायचं ते सांग.”

रविवारी गर्दी गोदामाच्या दाराबाहेरपर्यंत गेली होती. गुरू सत्तेचाळिसाव्या गाठीपाशी पोचला होता, तेवढ्यात बाई उभ्या राहिल्या.

“महाराज, एक विनंती. या दोन खुर्च्यांची जागा बदला.”

“खुर्च्या सिद्ध आहेत, माताजी. त्यांना हात लावायचा नसतो.”

“सिद्ध आहेत ना? मग इकडून तिकडे नेल्याने त्यांचं काय बिघडतंय?”

लोकांत चुळबुळ झाली. पोस्टमन पहिल्याच रांगेत होता, रोज दर्शनाला यायचा. “करा की बदल,” तो जोराने म्हणाला, “म्हणजे बाईंचं तोंड बंद होईल.” दोघांनी खुर्च्या उचलल्या. पांढरी डावीकडे गेली, काळी उजवीकडे. पोस्टमन दिमाखात पांढरीवर बसला. पाटीवर शब्द आला ‘पत्ता’.

“आत्या?” पोस्टमन म्हणाला.

कुणी हसलं नाही.

“अविश्वासाने नाद तुटला!” गुरू ओरडला. “या बाईच्या संशयाची सावली पडली!”

“असेल,” बाई म्हणाल्या. “आजोबा, आता त्या काळ्या खुर्चीवर बसा बरं.”

पोस्टमन उजवीकडे जाऊन बसला. “पत्ता,” त्याने लगेच सांगितलं. “शिक्का. सात.”

“काळ्या खुर्चीला माझा संशय लागत नाही वाटतं, महाराज?” बाई म्हणाल्या, आणि व्यासपीठावर चढून त्यांनी तो पिवळा पडदा दोन्ही हातांनी खाली ओढला. सूर्याच्या जागी, भिंतीवर उंच, दोन लाकडी भोंगे होते. खोल, निमुळते, सुबक घासलेले, दोन्ही उजव्या खुर्चीवर रोखलेले. दोघांच्या बुडाशी एकेक ट्वीटर. तिथून निघालेली तार शेजारच्या खोलीत माइक धरून बसलेल्या माणसापर्यंत जात होती. जाड आवाजाची पेटी व्यासपीठाखाली निघाली.

बाईंनी पिशवीतून टॉर्च काढून लावला. पुढची काच आणि आतली चकचकीत वाटी काढून दाखवली. उजेड सगळ्या गोदामात पांगला. वाटी परत बसवली. उजेडाचा झोत एका जागी पडला.

“हा भोंगा म्हणजे ही वाटी. बोलण्यातला जाड आवाज सगळीकडे पसरतो, बारीक आवाजाला झोतासारखं एका जागी रोखता येतं. ‘स’, ‘त’, ‘क’ यांच्यातला खरा आवाज बारीकच. तो उजव्या जागेवर सोडला, तोही वाढवून. दुसऱ्या जागेवर पोचूच दिला नाही. तिथे चांगल्या कानाच्या माणसालाही शब्द कळणार नाही. विश्वास नसेल तर बसून बघा. तुम्ही बसलात तिथेही कळत नव्हता. तुम्ही पाटी वाचत होतात आणि आपल्याला ऐकू येतंय असं समजत होतात.”

एक तरुण मुलगी डावीकडच्या खुर्चीवर जाऊन बसली. कान शाबूत असलेली. बाईंनी माइकवाल्याला दोन शब्द बोलायला लावले. मुलीने ‘नाही’ अशी मान हलवली आणि ती खाली उतरली. तिच्यामागून आणखी लोक आले. या धांदलीत नादगुरू मागच्या दाराने पसार झाला.

पोस्टमन अजून खुर्चीवरच होता. “पण बाई, मला नातीचं बोलणं ऐकू यायला लागलंय.”

“घरी ऐकू येतं, आजोबा?”

“घरी...” तो घुटमळला. “घरी ती ओरडून बोलते.” मग खिशातून रुमाल काढून त्याने डोळ्यांवर धरला.

आता भाऊ पुढे आला. त्याला बोलायची सवय नव्हती. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसल्यामुळे तो जरा जास्तच मोठ्याने बोलला.

“मी याच जागेवर बसलो होतो. मशीन तबकात टाकलं. वखारीत गेलो, म्हणालो बरा झालो. माझ्या जोडीदाराचा हात गेला. त्याने हात म्हटलं, मी सात ऐकलं. दांडा मीच ओढला. गुरूने नाही ओढला. मला बरं व्हायचं होतं, म्हणून मी तपासलं नाही. तुम्हालाही व्हायचंय. मला माहीत आहे. म्हणून सांगतो.”

मागे जोडीदाराची बायको उभी होती. भावाने तिच्याकडे पाहिलं. ती नजर न हलवता बघत राहिली आणि बाहेर निघून गेली. तिने त्याला माफ केलं की नाही, हे बाईंना त्या दिवशी कळलं नाही, आणि नंतरही कधी विचारायचं धाडस झालं नाही.

तक्रार नोंदवली गेली. गुरू सापडला, जामिनावर सुटला. दोन महिन्यांनी दुसऱ्या एका गावी निळ्या पडद्यापुढे तशाच दोन खुर्च्या मांडल्याची बातमी आली. आपल्या गावातलेही काही जण तिकडे जाऊन आले. मुकादमाने भावाला पुन्हा कोठीत घेतलं आणि अपघाताच्या कागदावर ‘कामगाराची चूक’ एवढंच लिहिलं. आपणच किल्ली काढून घेऊन दांडा दिला होता, हे त्याने लिहिलं नाही.

बाईंनी एक निमुळता भोंगा घासला. आयुष्यात पहिल्यांदाच असा. तो, एक ट्वीटर आणि टॉर्च पिशवीत घालून त्या आणि भाऊ सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊ लागले. शाळेत, कारखान्याच्या फाटकाशी, जिथे चार माणसं थांबतील तिथे. भावाच्या कानात नवीन मशीन असतं. लोकांना दोन्ही जागांवर बसवून झालं की बाई फार लांबण लावत नाहीत.

“कान दुखत असेल, कमी ऐकू येत असेल तर कानाच्या डॉक्टरकडे जा,” त्या सांगतात. “गेलेलं सगळं परत येईल असं तोही म्हणणार नाही. जो तसं म्हणेल, त्याला आधी खुर्ची हलवायला सांगा. हलवू देत नसेल तर तिथून उठा. आणि माझ्यासारखी शंका कुणाला आली, तर ती घरी नेऊ नका. घरातलं माणूस कितीही आनंदात असू दे, तिथेच, त्याच वेळी, सगळ्यांसमोर विचारा. मी चार दिवस थांबले होते.”