जांभळीची वाट

घोडं अडखळलं की घोडेवाल्यांच्या जिभेला टापा फुटतात. पौडच्या बाजारात त्या दिवशी तेच झालं.

ओढ्याकाठच्या करंजाखाली एक बैलगाडी सोडून ठेवलेली होती. तिचं जू जमिनीला टेकलेलं, भर उन्हात, कुणालाही दिसेल असं. गेणबाची जांभळी घोडी त्या जुवावर सरळ चालत गेली, पाय अडकून गुडघ्यावर आली आणि पाठीवरचं हिरड्याचं पोतं धुळीत पडलं. घोडी उठली, अंग झाडून गप उभी राहिली. गेणबाचं तोंड मात्र उतरलं. महिन्याभरात हे असं किती वेळा झालं होतं, ते त्यालाच ठाऊक.

त्या काळी मुळशी खोऱ्यात एसटी धरणाच्या अंगानं थोडी पुढे जायची आणि दम लागल्यासारखी थांबायची. तिथून पुढचा सगळा मुलूख तट्टांच्या पाठीवर चालायचा. वरून हिरडा, तंबाखू, मिरची खाली कोकणात जायची, खालून मीठ नि सुकट वर यायची. बाजारच्या दिवशी ही घोडेवाली मंडळी करंजाखाली जमत. एकाच्या घोड्याला फोड आला तर सगळे वैद्य होत.

पहिला हैबतराव पुढे झाला. तरुणपणी त्यानं कुणा सरदाराच्या पागेत खरारा केला होता, त्याचा तोरा म्हातारपणीही उतरला नव्हता.

"तंग बघ आधी," तो म्हणाला. "पोटाचा पट्टा कोपराला घासतोय. चार बोटं मागं घे. आन् खोगिराखाली तळवा घालून बघ. जितं ऊन लागंल तितं खोगीर चावतंय म्हनून समज. चावलेलं घोडं पाय उचलत न्हाई."

"हैबतराव, पागा गेली, सरदार गेला, तुमच्याकडं आता तंग तेवढा ऱ्हायला," रंभाबाई म्हणाली. ही कोळवणची. नवरा गेल्यापासून स्वतःच तट्टावर तांदूळ-पोहे घालून बाजार करायची, आणि तिच्या बोलण्याला लगाम नव्हता. "गेणबा, त्येंचं ऐकू नगंस. नाल काढ. झिजल्यात बग किती. कातळावर लोखंड निसटतं, उगडा खूर चिकटतो."

"बिननालीचं घोडं म्हंजे बिनवहाणंचा पाटील!" हैबतराव फिस्कारला.

"पाटील बी घाट चढताना वहाणा हातातच घितो की!"

मंडळी हसली. गेणबा हसला नाही. तो गनीभाईकडे बघत होता. गनीभाई पौडचाच, बांगड्या आणि तंबाखू घेऊन वाड्या-वाड्या हिंडणारा. वयानं सगळ्यांत मोठा आणि बोलायला सगळ्यांत उशिरा.

"दुमची सैल हाय तुजी," शेपटीखालून जाणारा पट्टा ओढून बघत तो म्हणाला. "उताराला ओझं मानंवर येतं त्यानं. आवळून घे. उरापुढचा पट्टा चढासाटी. लगामाला घाटात काय काम न्हाई, त्यो वरातीत."

मागे उभा असलेला जयसिंग आता पुढे आला. हा भरे गावचा. पुण्यात त्याचा टांगा होता आणि जांभळीवर त्याचा डोळा जुना होता.

"सामान बदलून अडखळणं जात नसतं, गेणबादा," तो म्हणाला. "अडखळती घोडी वाघजाईच्या वाटंला न्यायची म्हंजे मरण दावणीला बांधायचं. माज्याकडं द्या. पुण्यात सपाट डांबर. पडली तर उठंल तरी."

कोकणात उतरणारी वाघजाईची वाट सगळ्यांनी चाललेली होती. तिथं ओझ्याचं घोडं दरीच्या काठानं चालतं, कारण आतल्या अंगानं चाललं तर पोतं कड्याला आपटतं. त्या काठावर पाय चुकला तर खाली पडल्याचा आवाजसुद्धा वर येत नाही.

जांभळी गेणबाच्या गोठ्यात जन्मलेली. तिची आई गेली तेव्हा त्यानं तिला शेळीच्या दुधावर वाढवली होती. पण अडखळत्या घोडीच्या मागून घाट चढायचा तर घरच्यांचाही विचार करायला हवा.

"ही एक खेप करतो," तो शेवटी म्हणाला. "तुमी सांगितलं तसं समदं करून. घाटात एकडाव जरी अडखळली, तर जयसिंग, घोडी तुजी."

"मी वाडीवर यीन न्यायला," जयसिंग म्हणाला.

गेणबानं सगळ्यांचं ऐकलं. नाल काढले. तंग मागे घेतला. खोगिरात नवं गवत भरलं, बायकोच्या जुन्या लुगड्याची घडी खाली घातली. दुमची आवळली. मग तो जांभळीला घेऊन आणि गनीभाई आपल्या लाल्या तट्टूला घेऊन, असे दोघं जण घाट उतरले.

उतरताना गेणबाचा जीव मुठीत होता. ओझ्याचा दोर मागून धरून तो घोडीच्या खुरांकडे बघत होता. त्या मुलखात घोड्याच्या पुढे कुणी चालत नाही. उतरताना मागून दोर धरायचा, चढताना शेपूट धरायचं, आणि घोड्यानं ओढून वर न्यायचं. बाप तसंच चालला, आजा तसाच चालला. त्यामुळे घाटात माणसाला आपल्या घोड्याचं तोंड असं दिसतच नाही. दिसतात ते खूर.

आणि जांभळीचे खूर असे पडत होते की बघत राहावं. वाट जिथं वितभर होती तिथं ती पायापुढे पाय ठेवून सुईतून दोरा जावा तशी गेली. सुट्या दगडांच्या घसाऱ्यावर ती मागचे पाय दुमडून अलगद सरकली. कातळात पिढ्यान्‌पिढ्यांच्या टापांनी वाट्या पडल्या होत्या, त्या प्रत्येक वाटीत तिचा खूर मोजून ठेवल्यासारखा बसला. एकदाही अडखळली नाही.

"तंगच व्हता," पायथ्याला पोचल्यावर गेणबा म्हणाला.

"नाल आसंल," गनीभाई म्हणाला. "रंभाबाईला नगं सांगू. वर्सभर ऐकवंल."

खाली मीठ भरलं, सुकट भरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारव्यात चढाला लागले. निम्मा घाट मागे पडला. वाघजाईच्या दगडाला हात लावून दोघं डोंगराच्या वरच्या सोंडेवर आले, तर तिथं नवंच काहीतरी उभं होतं. सडकेची मोजणी करणारे लोक येऊन गेले होते. त्यांनी बांबू रोवून लाल-पांढरी निशाणं लावली होती, आणि कोकणातून वर येणाऱ्या वाऱ्यात ती फाटतील अशी फडफडत होती.

लाल्यानं ती बघितली मात्र, त्यानं कान पाडले, डोळे पांढरे केले आणि मागच्या पायांवर उभा राहिला. मिठाचं पोतं कड्याला घासून उसवलं. गनीभाईनं त्याला कसाबसा आवरला, डोळ्यांवर रुमाल टाकला, मानेवर थोपटत राहिला.

जांभळी मात्र निशाणाच्या खालून शांत चालत गेली. कान तेवढे आवाजाकडे वळवले. कापडाचं टोक तिच्या नाकासमोर नाचत होतं, तरी मान हलली नाही. ते टोक गालाला लागलं तेव्हा कुठं ती दचकली.

"वा रं माजी वाघीण!" गेणबाची छाती फुगली. "बगितलंस गनीभाई? ह्येला म्हंत्यात काळीज!"

लाल्याला एका झुडपाला बांधून गनीभाई जांभळीच्या पुढे गेला. हाताचा वारा तिला लागू नये म्हणून त्यानं बोट हळूहळू तिच्या डोळ्यापाशी नेलं. अगदी जवळ. पापणी हलली नाही. दुसऱ्या बाजूनं जाऊन तसंच केलं. पापणी हलली नाही.

"गेणबा, हिकडं ये. पुढं ये."

"का रं?"

"तुज्या घोडीला दिसत न्हाई."

गेणबाला राग आला. तो पुढे आला आणि त्यानं घोडीच्या तोंडाकडे बघितलं. डोळा कुंडातल्या पाण्यासारखा स्वच्छ होता. त्यात आभाळ होतं, फडफडणारं निशाण होतं, स्वतः गेणबा होता. घोडीपाशी मात्र त्यातलं काहीच पोचत नव्हतं.

बाजारातलं जू त्याला आठवलं. अंगणात हलवलेलं उखळ आणि खाट, ओढ्यावर नव्यानं टाकलेला ओंडका, एसटीच्या थांब्यापाशी पडलेली खडी. जिथं जिथं कुणी काही हलवलं होतं, तिथंच घोडी अडखळली होती. आणि सगळ्या खोऱ्यातले घोडेवाले तिचे खूर बघत होते, तंग बघत होते, खोगीर बघत होते.

मग त्यानं मागे वळून बघितलं. खाली घाट पसरला होता. कड्याच्या पोटातून गेलेली केसाएवढी वाट, तिच्याखाली झाडांची काळी टोकं, आणि त्याखाली नुसता निळा धूर. त्या वाटेनं ही घोडी काल उतरली, आज चढली. या खेपेआधीही कितीतरी वेळा. कधीपासून? दिवाळीपासून? की त्याहून आधीपासून? आणि प्रत्येक वेळी शेपटाला धरून तो मागे होता, आपण घोडी हाकतोय असं समजून. त्याच्या अंगावर काटा आला. भीतीचा होता, पण नुसत्या भीतीचा नव्हता. देवळाचा पडदा एकाएकी बाजूला व्हावा तसं त्याला झालं.

"आता वरचा कातळ," गनीभाई हळूच म्हणाला.

सोंडेच्या वर शेवटचा कातळकडा होता. साऱ्या घाटात तोच अवघड. आता जाणून-बुजून आंधळी घोडी त्यावर कशी सोडायची? गेणबानं जन्मात केलं नव्हतं ते केलं. लगाम हातात घेऊन तो घोडीच्या पुढे झाला.

"चल माजे आये. मी दावतो तुला."

पहिल्याच वाटीपाशी तिची मान वर ओढली गेली. तिनं पाऊल टाकलं ते वाटीच्या काठावर. खूर निसटला, मागचा पाय दरीकडे गेला, आणि दगड घरंगळत खाली गेले. मिठाच्या ओझ्यानं ती कलली, थरथरली आणि पोट कातळाला टेकवून कशीबशी सावरली. गेणबानं लगाम आणखी आवळला.

"सोड!" गनीभाई खालून ओरडला. "सोड तिला! तू तिला बघू दीना झालाईस!"

गेणबाला एक क्षण कळेना. मग कळलं. त्यानं लगाम सोडला. तेवढ्यानं भागेना म्हणून तिच्या तोंडातली कडीच काढून घेतली, आणि कातळाला पाठ लावून घोडीला वाट दिली.

जांभळी थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं मान खाली घातली, नाक कातळाला टेकवलं आणि लांब श्वास घेतला. खालचा ओठ दगडावरून फिरवला, एखादी म्हातारी अंधारात उंबरा चाचपते तसा. पुढचा खूर उचलून एकदा ठोकला. दगडाचा आवाज ऐकला. आणि चढायला लागली.

शेपूट जवळून गेलं तेव्हा गेणबानं ते धरलं. दोन पावलं गेल्यावर त्यानं स्वतःचे डोळे मिटून घेतले. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. डावीकडून दरीचा गार वारा अंगाला लागत होता. उजवीकडे तापलेल्या कड्याची ऊब होती. ऊब संपली की वळण येई. करवंदीचा वास आला की पायरी उंच होई. सगळी वाट तिथं लिहिलेली होती, आणि इतकी वर्षं डोळे उघडे ठेवून तो नुसता खूर बघत आला होता.

माथ्यावर आल्यावर त्यानं डोळे उघडले. घोडी धापा टाकत उभी होती. तो तिच्या पुढे गेला आणि काही न सुचून त्यानं दोन्ही हात जोडले.

गनीभाई मागून आला. लाल्याच्या डोळ्यांवर अजून रुमाल होता. "आंधळीमागनं डोळस आणला," तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "तो बी डोळं बांदून. अल्लाची करणी हाय बाबा, आपन काय बोलावं."

दोघं गेणबाच्या वाडीवर पोचले. जयसिंग आधीच येऊन बसला होता. भऱ्याहून सायकल मारत आलेला, घोडी न्यायला नवा दोर घेऊन.

"काय गेणबादा? अडखळली का?"

त्यानं खोटं सांगितलं असतं तरी गनीभाई तोंड उघडणार नव्हता. पण आज गेणबाला खोटं बोलवेना.

"अडखळली," तो म्हणाला. "एकडाव."

"मंग ठरल्यापरमानं..."

"मी लगाम धरला तितं अडखळली. तिला दिसत न्हाई, जयसिंग. आंधळी हाय ती."

जयसिंग हसला. "घोडी द्यायची नसंल तर सरळ सांगा की. आंधळं घोडं वाघजाईची वाट चढतंय व्हय!"

गेणबा घोडीपासून बाजूला झाला. जयसिंगानं गनीभाईकडे बघितलं. त्यानं मान हलवून होय म्हटलं. तेव्हा जयसिंग उठला, घोडीपुढे गेला आणि तिच्या डोळ्यांपुढे हात नेला. तसाच नेत राहिला. त्याचं हसू हळूहळू विरलं. मग तो पश्चिमेकडे वळला, जिथं घाटमाथ्याची कड उन्हात दिसत होती, आणि तिकडे बघत राहिला.

"समदी वाट?" त्यानं विचारलं.

"समदी."

"पुण्यात एक दिस जगायची न्हाई ही," जयसिंग स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाला. "तितं रोज काय ना काय हलतंय." नवा दोर त्यानं गुंडाळून खांद्यावर टाकला. ठरल्या शब्दाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

गेणबानं बायकोला हाक मारली. "पारू, उखळ पयल्या जागी ने. खाट बी. आता हितलं काय बी हलवायचं न्हाई."

पारूला काही उमगलं नाही, पण नवऱ्याचा आवाज ऐकून ती उखळ ओढायला लागली. जांभळीला घराचा वास आला होता. मान खाली घालून ती गोठ्याकडे चालू लागली.

वाटेत जयसिंगाची सायकल आडवी लावलेली होती. कुणी काही सांगायच्या आत तो धावला. सायकल अलगद उचलून, चाकाचाही आवाज न करता त्यानं ती बाजूला घेतली, आणि घोडी जाईपर्यंत डोक्यावरची टोपी हातात घेऊन कुडाला लागून उभा राहिला.