डॉक्टरांचा कान

“ताई आहेत का?”

गणिताच्या बाईंनी गाडीची काच खाली करून विचारलं, आणि डॉक्टरांचा पान्हा नटावरच थांबला. एकवीस वर्षं! बाईंच्या पहिल्या खटाऱ्यापासून आजवर प्रत्येक इंजिनाची नाडी डॉक्टरांनीच पाहिलेली. आणि आता हायब्रिड घेतली, तर म्हणे ताई!

ताई म्हणजे त्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. तिला या गॅरेजात आणलं कोणी? डॉक्टरांनी. पान्हा कसा धरायचा ते शिकवलं कोणी? तेही डॉक्टरांनीच. आणि आता चार महिन्यांचा कोर्स काय केला, जाड रबरी हातमोजे घालून अशी मिरवत होती, जणू गाडीचा शोध तिनेच लावला!

‘डॉक्टर’ ही पदवी गॅरेजनेच दिलेली. लांबलचक स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, “दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह.” उघडून बघावं, तर तोच! भाचीला त्यांनी सगळं शिकवलं. तो स्क्रू ड्रायव्हर तेवढा कधी तिच्या हातात दिला नाही.

“पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर आळीपाळीने चालतात का गं?” बाई विचारत होत्या.

“आळीपाळीने आणि एकत्रही!” भाचीने टेबलावरचा उघडा गिअरबॉक्स पुढे ओढला. “हे मधलं दातेरी चाक जनरेटरचं. त्याच्याभोवती फिरणारी ही छोटी चाकं इंजिनाची. आणि बाहेरचं हे मोठं कडं मोटरचं, तेच गाडीच्या चाकांना जोडलेलं. तिघं कायम एकमेकांत अडकलेले. हळू जायचं तर इंजिन झोपतं, मोटर एकटी ओढते. चढ आला की दोघं मिळून. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप उठतं आणि ती भरतं.”

“आणि कोणी कधी गप्प बसायचं, ते कोण ठरवतं?” डॉक्टरांनी लांबूनच विचारलं.

“कॉम्प्युटर, मामा.”

“वा! म्हणजे घरातलं सगळ्यात धाकटं पोर.”

बाई खळखळून हसल्या. पण गाडीची किल्ली त्यांनी दिली भाचीलाच. डॉक्टरांच्या या दुखण्यावर कुठल्याच मेडिकलमध्ये औषध नव्हतं.

भाचीने गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर उभी केली, तपासणीसाठी लॅपटॉप जोडला, आरशाला लाल पाटी अडकवली, ‘गाडी चालू आहे’, आणि ऑइल बदलायचं म्हणून नवा फिल्टर आणायला मागच्या खोलीत गेली.

डॉक्टर गाडीपाशी आले. ना घरघर, ना थरथर. कान सांगत होता गाडी बंद, आणि पाटी म्हणत होती चालू! सगळा दिखावा नुसता! त्यांनी पाटी काढून टेबलावर पालथी टाकली. ऑइल बदलायला कसला आलाय कोर्स? ती येईपर्यंत काम उरकून हात पुसत उभं राहायचं, बाईंच्या अगदी समोर. ते खड्ड्यात उतरले आणि इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा बोल्ट काढला. काळं ऑइल ट्रेमध्ये पडलं, धार बारीक झाली, मग नुसते थेंब.

आणि डोक्यावर इंजिन सुरू झालं.

आपोआप. बॅटरी भरायला उठलं होतं. आत ऑइलचा टिपूस नसताना! तो कोरडा, खरखरीत आवाज डॉक्टरांना कानात नाही, दाढांत ऐकू आला.

“बंद कर! अगं, बंद कर!”

भाची फिल्टर टाकून धावली, बटण दाबलं. गॅरेजचे मालक केबिनमधून बाहेर आले, बाईही उठून उभ्या राहिल्या.

“काय झालं?”

भाचीने पालथी पाटी पाहिली. मग खड्ड्यात पाहिलं. “पाटी लावायची राहिली,” ती म्हणाली. “माझी चूक.”

डॉक्टरांना क्षणभर बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर, छान वाटलं! मालक तिच्यावर डाफरणार, बाईंचा विश्वास उडणार, पुन्हा सगळं पूर्वीसारखं. फक्त गप्प बसायचं होतं. पण खड्ड्यातून त्यांना तिचे बूट दिसत होते. पहिल्या दिवशी त्यांनीच घेऊन दिलेले, दोन नंबर मोठे. पुढे कापूस कोंबून अजून तेच वापरत होती.

“लावली होती तिने,” ते वर येत म्हणाले. “मी काढली.”

मालकांनी पाटी उचलून पुन्हा आरशाला अडकवली. “डॉक्टर, उद्यापासून हायब्रिडला हात लावायचा नाही.”

भाचीने बोल्ट घट्ट केला, नवं ऑइल भरलं. लॅपटॉपवर बिघाड काहीच दिसेना.

“याला सगळं नाही कळत, मामा,” ती हळूच म्हणाली. “आत काही लागलंय का, तू ऐक ना.”

तिने इंजिन चालू केलं. डॉक्टरांनी आपल्या लांबलचक स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं, डोळे मिटले. लागलं नव्हतं काही. आवाज स्वच्छ होता. त्याच्याखाली मात्र आणखी काहीतरी बारीक गुणगुणत होतं, त्यांनी आयुष्यात कधी न ऐकलेलं.

“इकडे ये,” ते म्हणाले.

टोक जागचं न हलवता त्यांनी मूठ तिच्या कानाला लावली. तिने डोळे मिटले. डॉक्टर दांडा धरून उभे राहिले, तिला काय ऐकू येतंय ते तिच्या चेहऱ्यावर शोधत.