तीन नंबरची पाचर

आमच्या कारखान्यात पत्र्याची झाकणं बनतात. अकरा प्रेस मशीन आहेत आणि प्रत्येकीला दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबल्याशिवाय वरचा साचा खाली येत नाही, म्हणजे हात सापडायचा प्रश्नच नाही. एवढी साधी सोय. आम्ही शहाण्यांनी तिचीही वाट लावली होती.

डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकली की ते दाबलेलंच राहतं. मग उजवा हात बटणावर, डावा पत्रा सरकवायला मोकळा. झाकणं जवळजवळ दुप्पट निघतात. ही अक्कल माझी. बारा वर्षांपूर्वी सुपरवायझर झालो तेव्हा मीच अकरा पाचरी तासल्या आणि लाल रंगाने प्रत्येकीवर मशीनचा नंबर घातला. तपासणीच्या आदल्या दिवशी सगळ्या माझ्या खणात, तपासणी झाली की परत जागेवर. मोठ्या साहेबांना सगळं माहीत होतं. माल वाढला तेव्हा त्यांनी माझी पाठही थोपटली होती.

तीन नंबरवर घड्याळबाई. एकोणीस वर्षांत एकदाही उशिरा आली नाही, म्हणून हे नाव. त्या सोमवारी तपासणी संपली आणि मी पाचरी वाटत फिरलो. ती म्हणाली, "मास्तर, मला नको. हल्ली मधूनच धूसर दिसतं. दोन्ही हातांनी करते. कमी निघतील, पण राहू द्या."

"आज कमी निघून चालणार नाही, बाई," असं म्हणून मी पाचर स्वतःच्या हाताने ठोकली. जेवणाच्या सुट्टीआधीच तिच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

बाकीच्या दहा पाचरी मी मुकाट काढून खणात टाकल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी टाइप केलेला अहवाल पुढे सरकवला. 'कामगार महिलेने सूचना डावलून सुरक्षा बटण स्वतः निकामी केले.' खाली माझ्या सहीची जागा.

"सही करा, विषय मिटवू. तिला काढावं लागेल, पण इलाज नाही. नाहीतर तुमचं काय होईल, कल्पना आहे ना?"

कल्पना होती. उद्या करतो म्हणून कागद घरी नेला. बायको भाजी निवडत होती. तिला सगळं सांगितलं.

"पाचर कोणी ठोकली?"

"मी."

"मग मला काय विचारताय?" एवढं बोलून ती पुन्हा निवडायला लागली. मला तिचा भयंकर राग आला, कारण तिने पळवाटच ठेवली नव्हती.

बुधवारीही मी सही टाळली. गुरुवारी चौकशीला सरकारी अधिकारी बाई आल्या. टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत तीन नंबरची पाचर होती. साहेब म्हणाले, "तिनेच कुठून तरी आणली असणार." अधिकारी बाईंनी माझ्याकडे पाहिलं. खणातल्या पाचरी मी थैलीत घालून आणल्या होत्या, त्या काढून ओळीने मांडल्या. एक, दोन, मग मोकळी जागा, मग चार ते अकरा.

"तिसरी तुमच्यापुढे आहे. अक्षर ताडून बघा. सगळ्या माझ्या आहेत. ती नको म्हणाली होती, मी ठोकली."

"मास्तर, डोकं ठिकाणावर आहे का?" साहेब ओरडले.

"आत्ता आलंय," मी म्हणालो.

त्याच दुपारी मला घरी बसवलं. कारखान्यातून थेट हॉस्पिटलात गेलो. घड्याळबाई खिडकीजवळच्या खाटेवर बसली होती, डावा हात उशीवर.

"तुमच्यावर ठपका येणार नाही," मी सांगितलं. "चूक माझी, हे कबूल केलंय. माझी नोकरी बहुधा गेली."

एखादा बरा शब्द कानी पडेल, अशी आशा होती मला. लाज वाटते, पण होती.

"सोमवारी ऐकलं असतं, तर आज कबूल करायची वेळ आली नसती," ती म्हणाली. वेळ सांगावी तसं सांगितलं, आवाज न चढवता. मग तिने विचारलं, "चार नंबरवरची काढली का? ती पोरगी फार घाई करते."

"सगळ्या काढल्या."

"मग ठीक."

बारा वर्षं त्या पोरींचा सुपरवायझर मी होतो, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.