रूटची टोपली

टोपली रिकामी निघाली म्हणून मी गुन्हेगार ठरले. टोपली म्हणजे कम्प्युटरमधली, उडवलेल्या फाइली जिथे जाऊन पडतात ती.

आमचा भरतकामाचा कारखाना. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यभर हाताने नक्षी काढली. कागदांना वाळवी लागली तेव्हा त्यातून वाचलं तेवढं सगळं मी स्कॅन केलं आणि एका फोल्डरमध्ये ठेवलं. वेली, कोपरे, सात पाकळ्यांची फुलं आणि अप्पांची लाडकी मुंग्यांची रांग. कारखान्यातले कम्प्युटर लिनक्सवर चालते केले तेही मीच.

लिनक्समध्ये रूट नावाचा एक वापरकर्ता असतो. तो मशीनचा धनी. त्याला मशीन कधी 'परवानगी नाही' म्हणत नाही, बाकी सगळ्यांना म्हणतं. म्हणून रूट व्हायचं ते कामापुरतं. एखादा हुकूम टाइप करायचा आणि मुकाट्याने बाहेर पडायचं. माऊसने चालणारे, खिडक्या उघडणारे प्रोग्राम रूट होऊन चालवू नकोस, तिथे नुसतं बोट सरकलं तरी मशीन तो हुकूम समजतं, हे माझ्या थोरल्या भावाला सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला.

"माझ्याच कारखान्यात मला परवानगी नाही? अप्पा, हिला सांगा काहीतरी," दादा म्हणाला. अप्पांनी सांगितलं. मी रूटचा पासवर्ड दिला. तेव्हापासून स्वारी फाइलींची खिडकी रूट होऊनच उघडायची आणि दिवसभर तशीच ठेवायची. गाणीसुद्धा रूट होऊन ऐकायची!

पुढे अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. बरे होऊन ते कामावर आले, जुनी एक वेल बघायला मागितली, तर फोल्डरच गायब. बॅकअपची डिस्क दादाने सिनेमे भरायला घरी नेली होती.

"हीच कम्प्युटरवरची जागा मोकळी करत बसली होती," दादा सगळ्यांसमोर म्हणाला. "हिनेच उडवलं. मी माझी टोपलीपण बघितली. तिथेही काही नाही."

मी उडवलं, तर हा स्वतःची टोपली कशाला बघायला गेला? त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्रत्येक वापरकर्त्याची टोपली वेगळी असते. रूटचीही वेगळी, आणि ती दुसऱ्या कुणाला दिसत नाही. या शहाण्याने रूट होऊन उडवलं होतं आणि दादा होऊन शोधलं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात अप्पांनी हात वर केला.

"बास. मला काही ऐकायचं नाही."

रूटचा पासवर्ड दादाने सकाळीच बदलून ठेवला होता, त्यामुळे ती टोपली उघडून दाखवायचीही सोय नव्हती. मी पर्स उचलली आणि निघाले.

एका दवाखान्यात कम्प्युटर सांभाळायची नोकरी धरली. एवढंच सांगायचं होतं की रूटची टोपली उघडा. पण सांगितलं असतं, तर दादाने गुपचूप फोल्डर बाहेर काढून स्वतःची पाठ थोपटून घेतली असती आणि मी चोर ती चोरच राहिले असते. रूटची टोपली रिकामी करायला आधी ती आहे हे माहीत हवं, तेव्हा मला घाई नव्हती. आत्याचा फोन आला, "बापाच्या जन्माची मेहनत बुडवलीस गं!" ऐकून घेतलं. वहिनी सांगायची की अप्पा आठवून आठवून सगळं पुन्हा काढतायत आणि रेघ सरळ येत नाही. मी फोन हातात घ्यायचे. पण तो वर केलेला हात आठवला की मी पुन्हा दगड व्हायचे.

आणि मग दादाचा फोन आला.

"कम्प्युटर पासवर्ड घेतो, पडदा काळा होतो आणि परत पासवर्डच मागतो. शाळांच्या बिल्ल्यांची ऑर्डर अडकलीये. ये ना गं."

"काय केलंस?"

"काही नाही. माझं फोल्डर जरा आवरलं. नव्या डिस्कवर नेलं आणि परत आणलं."

"रूट होऊन?"

तो नुसता खाकरला. मी फोन बाजूला धरून पोटभर हसून घेतलं.

"येते. पण अप्पा आणि भरतकामाच्या मशीनवरच्या सगळ्या बायका समोर हव्यात."

मी गेले तेव्हा सगळे जमले होते. अप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांच्या पुढ्यात कागद होता, त्यावरच्या मुंग्या वेड्यावाकड्या पांगल्या होत्या.

"रूटचा पासवर्ड सांग. मोठ्याने," मी दादाला म्हटलं.

"लिहून देतो."

"मोठ्याने."

"मालक," तो पुटपुटला. "पुढे एक."

बायकांनी तोंडावर हात धरले. मला फार बरं वाटलं.

दुरुस्ती एका ओळीची होती. "तुझ्या प्रत्येक वस्तूवर रूटचं नाव पडलं होतं, म्हणून तुझ्याच घरात तुला कुणी घेईना," मी म्हटलं. दादाचा पडदा उघडला. तो लगेच ऑर्डरकडे वळला.

"थांब. आता दुसरी टोपली बघू."

रूटच्या टोपलीतली नावं मी एकेक करून वाचली. वेल. कोपरा. सात पाकळी. मुंग्या. अप्पांची मान वर आली. प्रत्येक नावाशेजारी उडवल्याची तारीख होती आणि सगळीकडे ती एकच होती. मी तीही वाचली.

"अप्पा, त्या दिवशी मी कुठे होते?"

त्यांनी पडद्याजवळ येऊन तारीख पुन्हा वाचली. "माझ्याजवळ," ते म्हणाले. "डोळ्यावर पट्टी होती. तुझा हात धरून बसलो होतो."

"चुकून झालं गं," दादा म्हणाला. "बोट सरकलं."

"बोट चुकून सरकलं. माझं नाव घेतलंस तेही चुकून?"

अप्पा हलक्या आवाजात म्हणाले, "तुला ठाऊक होतं, तर सांगितलं का नाहीस? मी इथे बसून सगळं पुन्हा काढत होतो."

"सांगत होते. तुम्ही हात वर केलात."

त्यांनी तो हात बघितला आणि कागदाखाली सरकवला.

"ज्यांना ज्यांना सांगितलंस, त्या सगळ्यांना फोन लाव," मी दादाला म्हटलं. "आत्यापासून. स्पीकरवर. तोवर नक्षी टोपलीतच राहील."

दादाने अप्पांकडे आशेने बघितलं. अप्पांनी हात पुढे केला, त्याचा फोन घेतला आणि आत्याला स्वतःच लावला.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "पोरीने काही केलं नव्हतं. तुझ्या भाच्याने केलं. आणि मी आंधळा झालो होतो, पट्टी निघाल्यावरसुद्धा."

मग त्यांनी फोन दादाच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "आता पुढचे तू लाव."

त्याने लावले. मी नक्षी परत जागेवर ठेवली, रूटचा पासवर्ड बदलला आणि दादाला साधा वापरकर्ता करून टाकलं. अप्पांनी विचारलं, "उद्यापासून येशील?" मी नाही म्हटलं. पासवर्ड मात्र बरोबर घेऊन आले.

परवा दादाचा फोन होता. नवा प्रिंटर जोडायचा होता.

"परवानगी नाही म्हणतंय गं."

"बरोबर म्हणतंय," मी म्हटलं आणि चहा प्यायला गेले.