फ्रिजच्या चपला

केडगावच्या सूर्यभानरावांच्या घरातल्या फ्रिजच्या चपलांची गेल्या महिन्यात न्हाणीघरात बदली झाली. घरातली सगळी माणसं सुखरूप आहेत. पण हे आपण ऐकलंच नाही, असं समजू. कारण ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी चपला आपल्या जागेवर होत्या आणि सुखरूप कोण राहणार याची कुणालाच खात्री नव्हती.

सूर्यभानरावांच्या स्वयंपाकघरात पायताण घालून यायची कुणाची टाप नव्हती. पाहुणा कितीही मोठा असो, चपला उंबऱ्याबाहेर. अपवाद एकच, निळ्या रबरी चपलांचा एक जोड. तो कायम फ्रिजपुढे असे. फ्रिजला हात लावायचा तर आधी तो पायात सरकवायचा. न सरकवता हात लावला, तर फ्रिज चिमटा काढायचा.

घर जुनं. भिंतीतल्या सॉकेटला दोनच भोकं. फ्रिज आला, तर त्याच्या प्लगला निघाल्या तीन पिना. दुसऱ्या कुणी सॉकेट बदललं असतं. पण सूर्यभानरावांची सगळी नोकरी साखर कारखान्यात गेलेली. वस्तू बसत नसेल तर ती बसवायची, हा त्यांचा खाक्या. त्यांनी करवत घेतली, अर्थिंगची जाड पिन कापून टाकली आणि प्लग कसा मापात बसला! पिन चांगली पितळी होती, म्हणून त्यांच्या पत्नी आक्काबाईंनी ती वेलदोडे ठेचायला ठेवून घेतली.

"जुन्या घराला थोडाफार करंट असायचाच," सूर्यभानराव सांगत. "उतारवयात अंगात वात असतो ना, तसा."

सून अश्विनीनं दोन-तीनदा विषय काढून पाहिला. "आण्णा, अर्थिंग करून घेऊ या ना."

"त्याला भिंती फोडाव्या लागतात," आण्णा म्हणत. आणि भिंती फोडाव्या लागू नयेत, म्हणून त्यांनी त्या रंगवून घेतल्या. नातीचा, दिशाचा, पहिला वाढदिवस जवळ आला होता. रंग मोरपंखी, चकचकीत. दिशा नुकतीच रांगायला लागली होती आणि तिला तो रंग चाटायला आवडे.

अशा वेळी जामखेडहून अश्विनीची आई, गोजरबाई, नातीला बघायला आल्या. आल्या आल्या दही काढायला त्यांनी फ्रिजकडे हात केला, तोच आक्काबाई मागून ओरडल्या, "विहीणबाई, चप्पल!"

गोजरबाई गर्रकन वळल्या. "चप्पल? मला? दही द्यायचं न्हाई तर नीट सांगा की!"

मग त्यांची समजूत काढण्यात आली. गोजरबाईंनी सगळं ऐकून घेतलं, फ्रिजकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं.

"इवाई, देवाम्होरं चपला काढत्यात. तुमच्यात फ्रिजम्होरं घालत्यात व्हय?"

"सवय झालीय आम्हाला," सूर्यभानराव म्हणाले.

"आमच्या म्हशीला बी झाली हुती. इहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला पाठ घासायची. जरा चमकायची, पुन्ना घासायची. आमचे मालक म्हनायचे, सवय झालीय तिला. एक दिस पावसात घासली, ती तिथंच पडली. चार पाय हुते बिचारीला. एकात बी चप्पल न्हवती."

"म्हशीचं वेगळं, माणसाचं वेगळं."

"व्हय, वेगळंच. म्हशीला इलाज न्हवता, तुमाला हाय! भिताडाला रंग दिला, त्येच्या आत काय जळतंय त्ये कुनी बघायचं? आन् ही पोरगी रांगतीय. तिला सवय व्हायची वाट बघताय का?"

सूर्यभानरावांना हे लागलं. ते तडक स्कूटरवरून बाजारात गेले आणि उपाय घेऊनच परतले. दिशाच्या मापाच्या रबरी चपला! मागे पट्टा, टाचेवर भार पडला की चुईं वाजणाऱ्या.

"मिटला प्रश्न," ते म्हणाले.

"पायाचा मिटला," गोजरबाई म्हणाल्या. "रांगताना पोरगी हात टेकती, गुडघं टेकती. तिथं काय घालायचं?"

सूर्यभानराव हरले नाहीत. ते मनातल्या मनात गुडघ्याचं माप घेत होते.

दुसऱ्या दिवशीची दुपार. मुलगा ओम कामावर. अश्विनी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. आक्काबाई स्वयंपाकघराची फरशी पुसून बादली ओतायला परसात गेल्या होत्या. गोजरबाई पुढच्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. त्यांच्या डोक्यावरच मेन स्विचची लोखंडी पेटी होती. आणि नातीला सांभाळायला बसलेले सूर्यभानराव फोनवर कुणाला तरी रंगाची तारीफ सांगत होते. "ओला हात लावा, डाग पडत नाही!"

आतून आवाज आला. चुईं.

एकदाच.

सूर्यभानरावांचा हात फोनसकट खाली आला. रांगताना त्या चपला वाजत नव्हत्या. वाजायला टाचेवर भार पडावा लागे. म्हणजे दिशा उभी राहिली होती. जन्मात पहिल्यांदा. आणि पहिल्यांदा उभं राहणारं पोर कशाला तरी धरूनच उभं राहतं!

ते स्वयंपाकघराच्या दारात पोचले. फरशी ओली. दिशा धान्याच्या कोठीला धरून उभी होती. एक चप्पल पायात, दुसरी वाटेत पडलेली. तोंडात घातलेली मूठ तिनं बाहेर काढली आणि तो लाळेनं भिजलेला हात फ्रिजच्या दाराकडे नेला. फ्रिज घुंऽऽ करत होता.

सूर्यभानराव अनवाणी होते. निळ्या चपला होत्या पोरीच्या पलीकडे. धावलो तर घसरणार. पोचलो आणि तोवर तिनं दार धरलेलं असलं, तर तिला ओढता ओढता आपणही चिकटणार. हाक मारली तर ती दचकणार. एवढी वर्षं पाठ केलेला चपलांचा नियम त्यांना आठवला. आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता!

"विहीणबाई!" त्यांच्या तोंडून किंकाळीच निघाली. "मेन पाडा! मेन!"

दिशा दचकली. तोल जाऊन फ्रिजकडे कलली.

खटाक!

पंखा मंदावला. फ्रिज मुका झाला. आणि त्या शांततेत फ्रिजच्या दारावर चिमुकला पंजा पडला. थप्प.

काही झालं नाही. दिशानं आजोबांकडे बघितलं, हसली आणि पुन्हा एकदा मारला. थप्प.

सूर्यभानराव ओल्या फरशीवर मटकन बसले. गोजरबाई हातात मेथीची जुडी घेऊनच आत आल्या. टोमणा मारायची एवढी सोन्यासारखी संधी. पण त्यांनी आधी पोरीचा हात उलटापालटा करून बघितला.

"इवाई," मग त्या म्हणाल्या, "पोरगी उभी ऱ्हायली. तुमी का बसलाव?"

तेव्हा ते उठले. प्लग उपसून काढला, खलातला बत्ता घेतला आणि सॉकेटच्या शेजारी मोरपंखी भिंतीवर घण घातल्यासारखा हाणला. आणखी एक. आणखी एक! गच्चीवरून धावत आलेल्या अश्विनीला वाटलं, आण्णांना शॉक बसला.

"बसलाय!" आण्णा म्हणाले. "नोहाला बोलाव."

नोहा हा पलीकडच्या गल्लीतला परवाना असलेला वायरमन. तो आला, भोकातून परसदार बघितलं आणि म्हणाला, "आण्णा, वायरपुरतं फोडायचं होतं. तुम्ही खिडकीच काढली." मग त्यानं फ्यूज उघडला. आत बोटाएवढी जाड तार.

"सारखा उडायचा, म्हणून घातली," सूर्यभानराव पुटपुटले.

"उडण्यासाठीच असतो तो, आण्णा."

घरभर नवी वायर आली, परसात अर्थिंगचा खड्डा झाला, तीन भोकांची सॉकेटं बसली. फ्रिजला नवा प्लग लागला, जाड पिनेसकट. करंट गळायला लागला की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईट तोडणारा ईएलसीबी लागला. त्याला तपासणीचं एक बटण असतं. वाढदिवसाला सूर्यभानरावांनी प्रत्येक पाहुण्याला ते दाबून दाखवलं, त्यामुळे केक बराचसा अंधारातच कापला गेला. भिंतींवर प्लॅस्टरचे पांढरे पट्टे होते. "हा आमचा नवा रंग," ते अभिमानानं सांगत होते. फक्त कापलेली पितळी पिन नोहानं नेली आणि बत्ता भिंतीवर मोडला, तेव्हा वेलदोडे कशानं ठेचायचे, ही आक्काबाईंची तक्रार अजून शिल्लक आहे.

तेव्हा नागरिकहो, फ्रिज, कूलर, गिझर हाताला झिणझिणत असेल, तर त्याची सवय करून घेऊ नका. जाड पिन कापू नका, फ्यूजमध्ये जाड तार घालू नका. रंगाच्या आधी वायरिंग जाणत्या माणसाला दाखवा. विजेला आपली सवय होत नसते!

आणि ज्यांना वायरिंगसाठी अजूनही पुढच्या दिवाळीपर्यंत थांबायचं आहे, त्यांच्या वतीने सादर विनंती करण्यात येते की, जिल्ह्यातील समस्त रांगत्या बालकांनी, घरमालकांची सवड होऊन वायरिंगचे काम पूर्ण होईपर्यंत, आपले रांगणे व उभे राहणे तात्पुरते स्थगित ठेवून सहकार्य करावे.